निळी खळ

"आधी नाकातोंडावर रुमाल, मग दाराला हात," सिस्टरने हुकूम सोडला आणि परसात जमलेल्या सगळ्यांना एकेक जुना रुमाल वाटला.

ती या घरची सून; बिऱ्हाड मात्र गावातच वेगळं. इस्पितळात नर्स होती, म्हणून लग्न होऊन आली तेव्हापासून नवरा, नणंद, सासू सगळेच तिला सिस्टर म्हणत; आणि रविवार असला तरी तिच्या आवाजातला वॉर्ड काही सुटीवर जात नसे.

"या थाटात आत गेलो तर उंदीरच ओरडतील, दरोडा पडला म्हणून," भाऊ, तिचा नवरा, रुमालाची गाठ मारता मारता म्हणाला.

"ओरडू देत. लेंड्या वाळल्या की त्यांची धूळ छातीत जाते. कोरडा झाडू कोणी मारायचा नाही. आधी फिनेलचं पाणी शिंपडायचं, जरा थांबायचं, मग ओल्या फडक्याने उचलायचं. चिऊ, तू उंबऱ्याच्या बाहेर."

"मी बाहेरूनच बघणार आहे," तिची लेक चिऊ म्हणाली आणि एक पाय आत ठेवला.

सिस्टरची सासू, माई, स्वयंपाकघराच्या पायरीवर फडक्यांचा ढीग मांडीवर घेऊन बसली होती. तिची नजर शेडकडे नव्हतीच. ती नवऱ्याकडे, आप्पांकडे होती. आप्पा शेडच्या दाराशी, हातात किल्ली घेऊन, परक्याच्या घरी आल्यासारखे उभे होते.

ही शेड त्यांच्या वडिलांनी उभी केली आणि बाप-लेकांनी मिळून आयुष्यभर तिच्यात पुस्तकं बांधली. फाटक्या, सुटलेल्या, पानं गळलेल्या पुस्तकांना नवी शिवण, नवा पुठ्ठा, नवी कापडी पाठ. गावातल्या वाचनालयाचं निम्मं कपाट तरी याच शेडमधून बाहेर पडलेलं. आणि गुरुवारी वाचनालयाच्या बाई नव्या बांधणीचा गठ्ठा न्यायला आल्या, तेव्हा त्यांच्यासमोरच कापड सुटलं. पाठीचा कापडी पट्टा आतून कुरतडलेला. एकाचा नाही, गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या आप्पा. आता तुम्हीही थकलात." आणि रिकाम्या हाताने गेल्या.

तेव्हापासून आप्पा कमी बोलत होते.

आतून खडखडाट आला, मग ताईची हाक आली. "अगं बाई, इथे तर बाळंतिणीची खोली आहे!"

ताई ही आप्पांची थोरली लेक. हयातभर शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर समोर येईल त्याला शिकवणं चालूच होतं. पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा होता, त्याखालचा खण तिने अलगद बाहेर ओढला. खणात कागदाच्या बारीक चिंध्यांचं एक गोल, मऊ घरटं होतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं, एकमेकांना चिकटून, डोळे मिटलेली.

सगळ्यांनी डोकी खुपसली. चिऊचा दुसरा पायही आत आला.

"बघ चिऊ, हे घरटं कशाचं केलंय? साध्या कागदाचं नाही. आजोबा पुस्तकाच्या आत लावतात ना, लाटालाटांचा रंगीत कागद, त्याचं. उंदरणीने सगळ्यात चांगला कागद निवडलाय," ताई म्हणाली.

"पसंती आपल्या घराण्याला शोभेशी आहे," भाऊ म्हणाला. "बाकी काय काय निघतंय? कोपऱ्यात पक्ष्यांच्या दाण्यांचं पोतं, तळाशी भोक. दाराखाली दोन बोटं फट. मागच्या भिंतीखाली घुशीने भुयार काढलंय, त्यात माझा अख्खा हात जातोय. आणि मघाशी एक चिचुंद्री पायावरून गेली."

"चिचुंद्री उंदराच्या जातीची नाहीच मुळी," ताई म्हणाली. "ती किडे खाते. तिला या यादीतून वगळ."

"माझ्या पायाला ते कसं कळणार, ताई?"

हसणं झालं. आप्पाही हसले असते, एरवी. त्यांनी खणातलं घरटं नाकाजवळ धरून पाहिलं. हल्ली त्यांना सगळंच नाकाजवळ धरावं लागे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना नेमकं काहीतरी तातडीचं काम आठवे. त्यांनी घरटं परत ठेवलं आणि ते बाहेर येऊन माईशेजारी पायरीवर बसले.

माईने फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतंच.

*

चहा परसातच झाला. कप हातात आले की या घरात नेहमी बैठक भरे, आणि बैठकीत भाऊ पहिला बोले.

"मी स्पष्ट बोलतो. भोकं आज बुजवू, पिंजरे लावू, सगळं करू. पण त्यानंतर शेडला कुलूप. आप्पांनी आता आराम करावा. वाचनालयाच्या बाई परक्या असून बोलल्या, आपण घरचे असून गप्प बसायचं का?"

"आराम म्हणजे काय रे?" ताईने कप खाली ठेवला. "मी शाळा सोडली तेव्हा पहिला महिना भिंतीशी बोलत होते. आप्पांना तेच करायला लावायचंय?"

"भिंतीशी बोलण्यावर गोष्ट थांबली तर ठीक."

भाऊला वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं. सिस्टरने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने पुढचा घोट घाईने घेतला आणि जीभ पोळली.

कारण सगळ्यांना एकच आठवलं. आप्पांचे वडील शेवटी शेवटी सगळं विसरत गेले होते. आधी अवजारं कुठे ठेवली ते, मग गावातले रस्ते, मग माणसं. एका सकाळी याच परसात त्यांनी आप्पांना नम्रपणे विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" ताई तेव्हा दुसरीत होती. तिला ते अजून आठवत होतं.

"भाऊ चुकीचं बोलत नाहीये," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज अगदी साधा होता. माईला तो साधेपणाच सोसवेना.

"खळीचं सांगतो. खळ म्हणजे काय, शिजवलेला मैदा. माणसाला चालतो तो उंदराला चालतोच. म्हणून माझे वडील तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे. निळे खडे कुटून केलेली पूड. कडू जहर. त्या खळीने बांधलेल्या पुस्तकाला कधी उंदीर, झुरळ, कसर, काही लागलं नाही. माई खळ शिजवून आणते, मोरचूद मी घालतो. स्वतःच्या हाताने. माझी खात्री होती, मी रोज घालतो." ते थांबले. "पण उंदरांनी खाल्लं. म्हणजे घातलं नव्हतं. म्हणजे मी विसरत होतो, आणि विसरलो हेही मला आठवत नाही. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं."

"आप्पा, असं लगेच—" ताई म्हणाली.

"लगेच नाही. गुरुवारपासून विचार करतोय." त्यांनी किल्ली भाऊच्या हातात दिली. "घे. शिकंजा कोणाला हवा असेल तर द्या. गंजू देऊ नका."

भाऊने किल्ली घेतली, आणि घेतल्यावर तिचं काय करायचं ते त्याला समजेना. मघापासून त्याला तीच हवी होती. आता ती हाताला गरम लागल्यासारखी तो एका हातातून दुसऱ्या हातात करू लागला.

माई उठली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. तिला कप दिसत नव्हते.

आप्पा विसरत नव्हते. हे तिला ठाऊक होतं. या पृथ्वीवर फक्त तिलाच ठाऊक होतं.

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. सिस्टरची पाळी सकाळची असली की चिऊ शाळेतून थेट इकडे येई आणि आप्पांच्या शेजारी बसून कागदाची घरं चिकटवत राही. एक दिवस माई खळीचं भांडं घेऊन दारात आली तर चिऊ कालच्या भांड्यातून बोट फिरवत होती आणि ते बोट चाटत होती. तोंड वाकडं करत होती, आणि पुन्हा चाटत होती. लहान मुलांना कडूचीही गंमत वाटते. माईच्या हातातलं भांडं निसटायचंच बाकी होतं. तिने पोरीला चुळा भरायला लावल्या, दूध पाजलं, आणि दुपारभर तिचं पोट दुखतंय का विचारून तिला हैराण केलं. पोट दुखलं नाही. पण माईची झोप गेली.

रात्री तिने आप्पांना नुसतं सुचवून पाहिलं होतं. "मोरचूद नाही घातलं तर नाही का चालणार?" आप्पा म्हणाले, "वडिलांची रीत आहे. खळीच्या बाबतीत बोलू नकोस." कारण मात्र तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चिऊचं शेडमध्ये येणं बंद झालं असतं, आणि आप्पांना दिवसभरात हसायला तेवढीच एक जागा उरली होती. सिस्टरला कळलं असतं तर पोर या घरीच आली नसती. म्हणून माईने कोणालाच काही न सांगता सोपं काम केलं. डब्यातलं मोरचूद काढून ठेवलं आणि त्यात कपड्यांना घालतात ती नीळ भरली. निळ्याच्या जागी निळं. आप्पा रोज चिमूट घेत होते, रोज खळीत ढवळत होते, खळ रोज निळसर होत होती. त्या अंधूक डोळ्यांना फरक कुठून कळणार?

उंदरांचा विचार तिच्या मनातच आला नव्हता. ती नातीला वाचवत होती. पुस्तकांना कोण वाचवतंय हे तिला सुचलंच नाही.

आता बोललं पाहिजे, हे तिला कळत होतं. पण जीभ टाळूला चिकटली होती. खळीनेच चिकटवल्यासारखी.

*

"आत्या, हे बघ," चिऊ म्हणाली. तिने काड्यापेटी पुढे केली.

"काय पकडलंस?"

"पकडलं नाही. गोळा केलं. काडीने, हात नाही लावला." तिने घाईघाईने आईकडे पाहिलं. "रुमाल पण बांधला होता."

ताईने काड्यापेटी उघडली, चष्मा सरकवला आणि तिच्या आतली शिक्षिका जागी झाली. "उंदराच्या लेंड्या कोणत्या रंगाच्या असतात, चिऊ?"

"काळ्या."

"आणि या?"

"निळ्या."

सगळे भोवती जमले. सिस्टरने पाहिलं, भाऊने पाहिलं. आप्पांनी काड्यापेटी नाकाशी नेली. सिस्टर "अहो आप्पा, तोंडाजवळ नको," म्हणेपर्यंत त्यांनी ती उजेडात वळवून वळवून पाहिली होती.

"निळ्या आहेत?" त्यांनी विचारलं. "नक्की? मला मळकट दिसतंय."

"नक्की निळ्या आहेत, आजोबा. घरट्यातला कागद पण थोडा निळा आहे. कडेला, खळ लागलीय तिथे."

आप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. "म्हणजे मी घातलं होतं. खळ निळी होती!" आणि मग तो उजेड तसाच विझला. "पण मग खाल्लं कसं? मोरचूद खाऊन उंदीर जगला, वर पिल्लं घातली? म्हणजे मी दुसरंच काहीतरी घालत होतो. डब्यातून भलतंच... हे तर विसरण्यापेक्षा वाईट." त्यांनी काड्यापेटी चिऊला परत दिली. "डोकंच गेलं म्हणायचं."

"डोकं जागेवर आहे तुमचं," माई म्हणाली.

तिने कप पायरीवर ठेवले. एक कलंडला, तो तिने सरळही केला नाही.

"ती नीळ आहे. कपड्यांची नीळ. मी भरली डब्यात."

शेडच्या पत्र्यावर काहीतरी तुरुतुरु पळालं.

मग तिने सगळं सांगितलं. चिऊचं बोट, चुळा, दूध, डबा. सांगताना ती आप्पांकडे बघत नव्हती आणि सिस्टरकडे तर मुळीच नाही. ती पदराच्या टोकाशी बोलत होती.

"चिऊ मोरचूद घातलेली खळ चाटत होती," सिस्टर अगदी हळू म्हणाली. वॉर्डमधला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आणि मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू तिला इथे पाठवलं असतंस का?"

"नसतं पाठवलं."

"म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं."

"चुकलंच, माई." सिस्टर पायरीवर बसली आणि तिने चिऊला ओढून मांडीवर घेतलं. पोरगी तिथे मावत नव्हती तरी घेतलं. बराच वेळ ती तिच्या केसांतली कागदाची कात्रणं काढत राहिली. "मी पोरीलाच हलवलं असतं. तुम्ही डबा हलवलात. पण यापुढे मला सांगायचं. मी रागावेन, भांडेन, दोन दिवस बोलणार नाही. तरी सांगायचं."

"दोन दिवस?" भाऊ म्हणाला. "माई, तुझ्यावर मेहेरबानी आहे. मला आठवडा मिळतो."

कोणी हसलं नाही, कारण आप्पा अजून काही बोलले नव्हते.

ते माईसमोर येऊन उभे राहिले. "कधीपासून?"

"पावसाच्या आधीपासून."

"म्हणजे इतके दिवस मी चिमूट घेत होतो—"

"रोज घेत होता. एकदाही विसरला नाहीत तुम्ही. मी खिडकीतून बघत होते ना. रोज वाटायचं, आज तरी विसरतील म्हणजे माझं पाप हलकं होईल. पण तुम्ही कुठले विसरताय."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

आप्पांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग खांद्यावरचं हात पुसायचं फडकं काढलं आणि नाकाजवळ धरून त्याच्याकडे पाहू लागले.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच मला वाटायचं, हल्ली माझं हे फडकं इतकं पांढरंशुभ्र कसं निघतं."

आधी ताईला फुटलं, मग भाऊला. सिस्टरने चिऊच्या पाठीत तोंड लपवलं, तिचे खांदे हलत होते. आप्पा हसता हसता पायरीवरच बसले, कलंडलेल्या कपाच्या शेजारी, आणि डोळे पुसायला त्यांनी तेच फडकं घेतलं. माई मात्र रडत होती. सगळे हसतायत म्हणून तिला जास्तच रडू येत होतं.

"मला विचारायचं तरी," आप्पा तिला म्हणाले.

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, खळीच्या बाबतीत बोलू नकोस."

आप्पांनी आठवून पाहिलं. आठवलं, तेव्हा त्यांना वाईटही वाटलं आणि बरंही. "हो," ते म्हणाले. "म्हणालो होतो खरा."

मग त्यांनी भाऊपुढे हात पसरला. भाऊने किल्ली त्यात ठेवली. देताना त्याला हायसं वाटलेलं लपलं नाही.

"वाचनालयाच्या बाईंना काय सांगू पण?" आप्पांनी विचारलं.

"मी येते बरोबर," ताई म्हणाली. "खरं ते सांगू. गठ्ठा इथेच आहे, तो नव्याने बांधून देऊ. वाटलंच तर म्हणू, आमच्याकडचे उंदीर फार टापटिपीचे आहेत, नीळ दिल्याशिवाय जेवत नाहीत."

*

दुपारी सगळे झपाटल्यासारखे कामाला लागले. भाऊने घुशीच्या भुयारात विटांचे तुकडे ठासले आणि वर सिमेंट भरलं. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकली. बारीक भोकांत ताईने भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबल्या. "तार चावताना दात दुखतात त्यांचे, म्हणून," ती चिऊला सांगत होती. पक्ष्यांचे दाणे झाकणाच्या डब्यात गेले. सिस्टरने जमीन फिनेलने अशी पुसली की तिथे ऑपरेशन करता आलं असतं.

पिल्लांवरून मात्र वाद झाला. भाऊ म्हणाला, आज गोड दिसतायत, महिन्यात तीच पुस्तकं खातील. चिऊने काही युक्तिवाद केला नाही, ती नुसती खणाला कवटाळून बसली. शेवटी सिस्टरनेच, हातमोजे घालून, घरट्यासकट पिल्लं एका खोक्यात ठेवली आणि खोकं परसाच्या पार टोकाला, सरपणाच्या ढिगामागे नेऊन ठेवलं.

"भोकं नीट बुजवली असतील तर परत येणार नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि परत आली तर भोकं तू बुजवलीयस हे लक्षात ठेव."

सगळे स्वयंपाकघराच्या खिडकीत दाटीवाटीने उभे राहिले. बऱ्याच वेळाने उंदरीण आली. खोक्याच्या कडेवर थबकली, आत गेली, एक पिल्लू तोंडात धरून बाहेर पडली आणि कुंपणापलीकडच्या गवतात दिसेनाशी झाली. मग परत आली.

"सगळी नेईल?" चिऊने विचारलं.

"नेईल," सिस्टर म्हणाली, आणि शेवटचं पिल्लू जाईपर्यंत तीही खिडकीतून हलली नाही.

चिऊसाठी वेगळा नियम ठरला. तिची खळ पांढरी, नुसत्या मैद्याची, वेगळ्या वाटीत. उरलेली त्याच दिवशी टाकायची. आजोबांच्या भांड्याला हात लावायचा नाही, आणि ते भांडं वरच्या फळीवर. आप्पांसाठीही एक नियम ठरला. तो सिस्टरने ठरवला आणि इस्पितळात फोन करून पक्काही केला. आप्पांना कुठलंही तातडीचं काम आठवायच्या आत.

"करतो ऑपरेशन," ते माईला म्हणाले. "डोळे उघडले की आधी तुझं तोंड बघणार. खोटं बोलताना कसं दिसतं ते एकदा नीट पाहून ठेवतो."

संध्याकाळी माईने ताजी खळ शिजवून शेडमध्ये नेली. कपाटाच्या मागे कागदात गुंडाळून ठेवलेली मोरचुदाची पुडीही नेली. आप्पांनी शिकंज्याजवळचा दिवा लावला होता, दोरा ओवून ठेवला होता. तिने पुडीतली चिमूट डाव्या तळहातावर घेतली, डब्यातली उजव्या, आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले.

आप्पा वाकले. एक तळहात पाहिला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

खळीच्या बाबतीत, वडील गेल्यानंतर, त्यांनी कोणालाच काही विचारलं नव्हतं.

"यातली कुठली गं?" त्यांनी विचारलं.

माईने डावा हात पुढे केला.